तिन्ही नावं बदललेली बाई

हॉस्पिटलात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस ताबडतोब बाही वर सारून कोपरावरची गाठ दाखवतो. मी गाठ नीट बघते, हळहळते आणि मग सांगते की मी रेकॉर्ड विभागात होते. बाही खाली येते. "म्हणजे फायली?" असं विचारून माणूस पोह्यांकडे वळतो.

हो, फायली. पनवेलमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, एक्स-रेच्या खोलीमागच्या बिनखिडकीच्या खोलीत मी उमेदीची सगळी वर्षं काढली. चौकशा करायची मला जन्मजात वाईट खोड. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत कुणाकडे पाहुणे उतरले, तर ते कुठल्या गावचे हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. घरात या खोडीपायी मी बोलणी खाते. रेकॉर्डच्या खोलीत तिचाच मला पगार मिळायचा.

काम सांगायला सोपं होतं. रुग्ण परत आला की त्याचा जुना कागद शोधायचा आणि डॉक्टरांच्या पुढ्यात नेऊन ठेवायचा. तो सापडला नाही की डॉक्टर रुग्णालाच विचारणार, मागच्या वेळी काय दिलं होतं. त्यावर आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "ती नेहमीचीच, पांढरी." आता जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या. पुढचं सगळं डॉक्टरांच्या अंदाजावर आणि रुग्णाच्या नशिबावर.

कागद सापडणं ही गोष्ट मात्र अवघड होती. पनवेल-उरणकडच्या गावांत जावं तिथे पाटील, म्हात्रे, ठाकूर, भगत. एका गावात एकाच नावाचे काका-पुतणे, आणि दोघांनाही मधुमेह. त्यात भर म्हणजे आमच्या लोकांचा 'घरचा केसपेपर'. रेशनकार्ड जसं घराचं असतं, तसा केसपेपरही घराचाच असणार, अशी गावोगावी पक्की समजूत. घरातलं कुणीही आजारी पडलं की तोच कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हजर. खिडकीवरची मुलगी गर्दीत नाव बघायची, वय कोण बघतो? कागद संगणकात चढवायला घेतले तेव्हा आम्हाला एक साठी उलटलेले गृहस्थ भेटले, त्यांना गोवराची लस नुकतीच दिली होती, प्रोस्टेटचा त्रास होता आणि दोन बाळंतपणं सुखरूप झाली होती. मी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "बराबर हाय. समदी आमचे घरानलीच हायती."

हसून हसून माझी पुरेवाट झाली, पण घरी गेल्यावर मी त्याचा विचार करत राहिले. आजार माणसाला होतो की घराला? गृहस्थांच्या मते घराला. खर्च घराचा, जागरण घराचं, मग कागद एकट्याचा कसा? त्यांचं सगळंच चूक आहे असं मला आजही म्हणवत नाही. फक्त त्या कागदावरून सुनेचं औषध सासऱ्याला गेलं असतं, एवढीच अडचण होती.

संगणक येणार म्हटल्यावर सर्वांत जोरात नाही म्हणाल्या त्या आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. रिबेका. त्या आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू कुटुंबातल्या. निम्मं गणगोत परदेशी गेलं, बाई पनवेलातच राहिल्या. अर्ध्या तालुक्याला त्यांनी जगात आणलंय, त्यामुळे त्यांच्यापुढे ट्रस्टींचीही मान खाली असायची. त्यांचं म्हणणं होतं, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं की त्या काचेकडे? बाईंच्या हाताच्या नोंदी मी चवीनं वाचायची. रक्तदाब, वजन यांच्याखाली बारीक अक्षरात त्या लिहायच्या, 'नवरा बोटीवर असतो. हिला एकटीला झोप येत नाही. लोहाची गोळी फेकते असं वाटतं.' नव्या संगणकात या वाक्याला कुठलाच रकाना नव्हता. भांडून भांडून आम्ही शेवटी 'इतर' नावाची एक चौकट मिळवली. बाई तिच्यात एका बोटानं टाइप करत. त्या नोंदी आखूड होत गेल्या, याचं मला वाईट वाटतं.

संगणकाची प्रणाली बसवायला आलेला इंजिनीअर दक्षिणेकडचा होता, कार्तिक नावाचा. फार गुणी. माणूस ओळखायचा कसा, हे आम्ही त्याला शिकवत होतो. नाव, मधलं नाव, आडनाव, जन्मतारीख. तो म्हणाला, ठीक आहे, लग्नानंतर बायकांचं आडनाव बदलतं, त्याची सोय केली आहे. मी म्हटलं, मधलंही बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो. त्यानं तेही लिहून घेतलं. मग मी म्हटलं, आणि पहिलंही बदलतं. त्यानं मान वर केली. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आता शहरात पुष्कळजणी नाव बदलत नाहीत, पण गावांकडे चालतं. सगळे टाळ्या वाजवतात. नंतर त्या तांदळाचा भात होतो.

"मग जुन्यातलं तिचं राहतं काय?" कार्तिकनं मोडक्या हिंदीत विचारलं. त्याच्या संगणकाच्या हिशेबानं अक्षता पडल्या की एक बाई नाहीशी होत होती आणि मांडवातच एक दुसरी जन्माला येत होती. तिला कधी ताप आला नव्हता, कधी हाड मोडलं नव्हतं, कुठल्या औषधानं अंगावर पुरळ उठलं नव्हतं. सासरच्यांना अशीच सून हवी असते म्हणा.

या चर्चेत डॉ. रिबेका नुसत्या बसून होत्या, नाराजी दाखवायला. त्या एकदम म्हणाल्या, "मला घरी एक नाव आहे, प्रार्थनेत दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं. रक्तगट तिघींचा एकच." मग त्यांनी कार्तिकला बजावलं, प्रत्येक बाईला माहेरचं पूर्ण नाव आणि माहेरचं गाव विचारायचं, ते न भरता पुढचं पान उघडताच कामा नये. त्या दिवसापासून बाईंचा संगणकावरचा राग थोडा निवळला. स्वतःची सूचना असली की वस्तू जरा बरी दिसते, हा अनुभव मलाही आहे.

अशी आमच्याकडे एक पिवळी पट्टी तयार झाली. सासरच्या नावाची बाई नोंदवली आणि माहेरचं नाव, गाव, जन्मतारीख एखाद्या जुन्या कागदाशी जुळली, की पडद्यावर वर पिवळी पट्टी यायची, 'कदाचित हीच व्यक्ती. खात्री करा.' खात्री झाल्याशिवाय दोन नोंदी जोडायच्या नाहीत, हा माझा कडक नियम. कारण भलत्याच माणसाचा इतिहास एखादीच्या गळ्यात बांधणं हे इतिहास नसण्यापेक्षा वाईट.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले, त्यांच्याकडे येते. नावं अर्थात बदलली आहेत.

हिराबाई उरणजवळच्या करंजा गावच्या. सुक्या मासळीचा व्यापार, आवाज खणखणीत, बारा बंदरांचं पाणी प्यायलेल्या. त्यांची सून समिधा पहिलटकरीण होती आणि हिराबाई तिला डॉ. रिबेकांकडेच आणणार म्हणून हटून बसलेल्या. खिडकीवर सुनेची सगळी माहिती सासूनंच सांगितली. माहेरचं नाव ललिता, गाव पनवेलजवळचंच. पिवळी पट्टी आली. त्या गावच्या, त्याच नावाच्या, त्याच जन्मतारखेच्या नऊ वर्षांच्या मुलीचं आमच्याकडे टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं. खिडकीवरच्या मुलीनं सरळ मोठ्यानं विचारलं, लहानपणी इथे टॉन्सिल काढल्या होत्या का?

समिधानं सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाय. ती माजी चुलतबहीन असंल."

असू शकलं असतं. एका घरात दोन ललिता मी पुष्कळ पाहिल्यात, आणि जन्मतारखा तर शाळेच्या गुरुजींनी एकाच तारखेला ढकललेल्या असतात. ती नोंद खात्रीसाठी माझ्याकडे आली; खात्री होईपर्यंत आतले कागद मी उघडले नाहीत. सासूसमोर असा प्रश्न विचारतात का, म्हणून डॉ. रिबेकांनी आमची हजेरी घेतली. पुढच्या तपासणीला मुलीला एकटीला आत घेऊन विचारायचं ठरलं.

पुढची तपासणी झालीच नाही. तिच्या आधीच एका दुपारी समिधाला रिक्षातून आणलं. आठवा सरत आलेला, पोटात कळा आणि अंगावरून रक्त. वार गर्भाशयापासून सुटायला लागली होती. मूल लगेच बाहेर काढलं नाही, तर दोघांचंही खरं नव्हतं.

माझा फोन वाजला. पलीकडे भूलतज्ज्ञ डॉ. मुकादम. "बाई, ही पिवळी पट्टी काय भानगड आहे? जुना कागद वाचा आणि इकडेच या." मी कागद उघडला. तेव्हाच्या भूलतज्ज्ञांचं अक्षर होतं, छायाचित्र करून चढवलेलं. ऑपरेशन ठीक झालं, पण मुलगी जागी होईना. छाती हलेना. संध्याकाळपर्यंत तिला हातानं फुगा दाबून श्वास दिला. खाली दोन रेघा मारून औषधाचं नाव आणि शेरा, हे पुन्हा कधीही देऊ नये, आईवडिलांना समजावले आहे.

ही काय चीज आहे ती डॉ. मुकादमांनी मला नंतर समजावली. पूर्ण भूल देताना घशात नळी घालावी लागते. त्यासाठी स्नायू सैल करणारं एक इंजेक्शन देतात. त्याचा अंमल थोडा वेळ राहतो, कारण रक्तातलं एक द्रव्य ते मोडून टाकतं. क्वचित एखाद्याच्या अंगात जन्मतःच ते द्रव्य धड नसतं. असा माणूस आत जागा होतो, ऐकतो, पण त्याला बोट हलवता येत नाही की श्वास घेता येत नाही. एरवी तो ठणठणीत असतो. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. घाईच्या सिझेरियनला हेच इंजेक्शन डॉक्टरांच्या हाताशी असतं; दुसऱ्याचा अंमल लांबतो, म्हणून ते विनाकारण देत नाहीत. आणि रक्तदाब इतका उतरलेला असताना कमरेत टोचून भागणार नव्हतं.

मी वर धावले आणि जुना शेरा डॉ. मुकादमांच्या कानावर घातला. समिधा ढकलगाडीवर होती, चेहरा पांढराफटक. हिराबाईंनी तिचा हात धरलेला. डॉ. मुकादमांनी विचारलं, आधी कधी भूल दिली होती का? हिराबाईंनीच उत्तर दिलं, "हिला कदी काय जाला नाय, डॉक्टर. आमी बगूनच केलेली." डॉ. रिबेकांनी त्यांना संमतीच्या सहीसाठी परिचारिकेबरोबर बाहेर पाठवलं आणि मुलीच्या कानाशी वाकल्या. ती ललिता तूच ना? मुलगी डोळे मिटून मान हलवत राहिली, नाही, नाही. मला तिचा रागही आला आणि दयाही. पोरी, तुझा जीव जाईल, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

डॉ. मुकादम काही विचारत बसले नाहीत. भूल देण्याआधी घसा बघतातच. ते बॅटरी घेऊन म्हणाले, "बेटा, आ कर. मोठा."

तिनं तोंड उघडलं. त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या आणि बॅटरी बंद केली. दोन्हीकडे टॉन्सिल नव्हत्या.

"बस," ते म्हणाले. "ते इंजेक्शन बाजूला ठेवा. दुसरं काढा." आणि तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "तू काही बोलली नाहीस. कुणी शपथ घातली असेल, तर ती तुटलेली नाही."

तेव्हा तिला रडू फुटलं. आईवडिलांनी लग्न ठरताना देवापुढे शपथ घातली होती, ऑपरेशनचं कुणाला सांगायचं नाही. संध्याकाळपर्यंत भुलीतून उठली नव्हती म्हणून गावात तिला 'मेलेली जिवंत झालेली' म्हणायचे. अशी मुलगी कोण करणार? तिला आत नेताना ती डॉ. रिबेकांचा पदर धरून एवढंच म्हणत होती, आईंना सांगू नका. आई म्हणजे सासू. मी दाराबाहेर उभी राहिले. लाखो रुपयांची ती यंत्रणा, ती पट्टी, तो नियम, आणि शेवटी शहानिशा झाली ती एका बॅटरीनं. पण संगणकानं प्रश्न विचारला नसता, तर घशाच्या त्या कोपऱ्यात बॅटरी कुणी रोखलीच नसती, असं डॉ. मुकादम स्वतः म्हणतात.

मुलगी झाली. मुठीएवढी, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. समिधाही वेळेवर शुद्धीवर आली.

खरा पेच त्यानंतर पडला. घरी सोडताना जो कागद देतात, त्यात संगणक सगळं आपोआप छापतो. माहेरचं नाव, टॉन्सिलचं ऑपरेशन, कुठलं औषध चालत नाही. आणि या घरात सगळे कागद सासूच्या पिशवीत. समिधानं मला बोलावून घेतलं आणि तेवढी ओळ काढून टाका म्हणून हात जोडले. मी तिला सांगितलं, खोडता मलाही येत नाही. संगणकात कोणी काय बदललं तेही कायम राहतं. आणि खोडू नयेच, कारण हा दोष रक्तातून येतो. तुझ्या मुलीतही असू शकतो.

तिनं काचेच्या पेटीकडे पाहिलं. नऊ वर्षांची असताना आपण श्वास घेत नव्हतो, हे तिला फक्त लोकांच्या तोंडून ठाऊक होतं. तिच्या मुलीचं तसं झालं तर? कोणाच्या तोंडून कळणार?

ओळ खोडायची नाही, पण ती कुणाला दाखवायची हे तिनं ठरवायचं, असा निवाडा डॉ. रिबेकांनी दिला. मी कार्तिकला फोन केला. त्याच्या मदतीनं नेहमीच्या कागदावर बाळंतपणापुरतंच छापलं आणि भुलीचा इशारा वेगळ्या लहान कार्डावर. ते कार्ड मी समिधाच्या हातात दिलं. तिनं ते मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवलं. सासू-सून बाळाला घेऊन गेल्या आणि मी मनाशी म्हटलं, झालं, आता हे कार्ड तिथेच कुजणार.

काही आठवड्यांनी हिराबाई एकट्या आल्या. सरळ माझ्या खोलीत. मासळीच्या टोपलीसारखं काहीतरी आपटावं, तसं त्यांनी ते कार्ड माझ्या टेबलावर टाकलं. मला वाटलं, घेतली वाटतं झडती सुनेची, आता गावभर बोभाटा करणार.

"ह्यो कागद तुमीच दिला ना?"

मी हो म्हटलं.

"सुनंनी मना सोता दिला," त्या म्हणाल्या. "बोलली, आई, तुमचे नातीला कदी कापायचा जाला तर ह्यो डॉक्टरला दावा. मी नसली तरी दावा."

मी विचारलं, रागावलात का तिच्यावर? रागावल्या होत्या, चांगल्याच. तिच्या हातचं जेवल्या नाहीत, व्याह्यांना फोन करून हवं ते ऐकवलं. मला ते अपेक्षितच होतं. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय. पण मग या इथे का आल्या आहेत, ते मला कळेना. कार्ड परत करायला? माझ्याशी भांडायला?

हिराबाईंनी स्टूल ओढलं, दार लोटून घेतलं आणि संगणकाकडे बोट केलं.

"आता माजा लिवा. माजे माहेरचा नाव द्वारकी. लग्नाआदी मना फेपरा यायचा. आयनी सांगितलेला, तोंड उगडशील तर विहिरीन ढकलीन. माजे नवऱ्याला मरंपत्तूर ठाव नवता. अजून कदीमदी येतो. मी सांगते चक्कर आली."

द्वारकी. हे नाव उच्चारताना तो खणखणीत आवाज एखाद्या मुलीसारखा बारीक झाला. मी लिहून घेतलं. फेफरं कधीपासून, शेवटचं कधी आलं, होडीत किंवा रस्त्यावर आलं होतं का, सगळं विचारलं. त्या एकेक आठवून सांगत होत्या. यावर साध्या गोळ्या मिळतात हे त्यांना माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी ते नुसतं लपवून काढलं होतं. त्यांना डॉक्टरांची वेळ देताना माझेच डोळे भरून आले.

पान संपत आलं तसा संगणकानं शेवटचा प्रश्न विचारला, समिधाच्या प्रकरणानंतर कार्तिकनं नव्यानं घातलेला. मी तो मोठ्यानं वाचला, ही माहिती घरच्यांपैकी कुणाला द्यायची?

हिराबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"सुनंला," त्या म्हणाल्या. "पयली तिला."